प्लगावरचं कुंकू

पिंपळवंडीला आमच्याकडे एक ट्रक होता आणि तो पेट्रोलवर चालायचा. आज वर्गात हे सांगितलं तर मुलं हसतात. ट्रक म्हटला की डिझेलचाच, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण लष्कराच्या लिलावातून आलेले जुने पेट्रोलचे ट्रक तेव्हा कुठे कुठे दिसायचे, आणि त्यातला एक वडिलांनी आणला होता. विटा, कडब्याच्या पेंढ्या, कांद्याच्या गोण्या, उन्हाळ्यात पाण्याची पिंपं आणि लग्नसराईत वऱ्हाड, जे मिळेल ते तो वाहायचा. पेट्रोल इतका प्यायचा की आमचे मामा त्याला 'पावणा' म्हणायचे. "राबतो थोडा आन् पितो लई."

आळेफाट्याला गॅरेजांची रांग होती, पण तिथले मिस्त्री डिझेलवाले. आमच्या ट्रकचं बॉनेट उघडलं की ते हात पुसत मागे सरायचे. त्यामुळे वडील सगळी दुरुस्ती स्वतःच करत. इंजिनाला सहा सिलिंडर आणि प्रत्येकाला एक प्लग. बोटभर लांबीची ती वस्तू. खाली लोखंडी आटे, वर पांढरीशुभ्र चिनीमातीची मान आणि टोकाला वायरची टोपी बसवायची जागा. करंट वरून आत जातो आणि खालच्या टोकाला ठिणगी पडते, तिनं पेट्रोल पेटतं. हे प्लग वडील दर वर्षी दसऱ्याला बदलत.

नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही ही आमच्याकडची रीत. खुरपं असो की पाण्याची मोटर असो. दसऱ्याला आई नवे प्लग पाटावर ओळीनं उभे करायची, वाटीत कुंकू पाण्यात कालवायची आणि एकेकाला लावायची. इतर घरांत बोटाचं नुसतं टिपकं लावतात. आमच्या घरात उभं बोट ओढायची पद्धत होती, नांगराला, कोयत्याला, खोऱ्याला, सगळ्याला. वरपासून खालपर्यंत एक लाल पट्टा. पाटावरच्या त्या पांढऱ्या माना लाल पट्टे लेवून उभ्या राहिल्या की मला लहानपणी ते नटून बसलेले पाहुणे वाटायचे.

मी बारावीत असताना वडील गेले. थोड्याशा आजारपणात गेले. त्या वर्षी घरात सण झाला नाही. माझं शिक्षण तिथंच थांबायचं, पण आई म्हणाली, "ती शिकंल. कसं ते माझं मी बघीन." आमच्या घराण्यात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी नारायणगावच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले, आणि आज जी काही आहे ती त्या वाक्यामुळे आहे. ट्रक माझा मोठा भाऊ, आमचा दादा, चालवायला लागला.

पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला दादानं आळेफाट्याहून नवे प्लग आणले. आमची चुलती, म्हणजे काकू, शेजारच्याच दारात राहायची. पाट मांडलेला पाहून ती आली आणि हळूच दादाला म्हणाली, "आरं, पूजा मी करते. सवाष्णीनं करावी रं. उद्या पोरीचा साखरपुडा हाय, याच गाडीत जायचंय."

दादा म्हणाला, "काकू, गाडी आईनंच पूजलीय आजवर. आईच पूजंल."

काकू काही वाईट बाई नव्हती. वडील गेले तेव्हा आमची चूल किती दिवस तिनंच पेटवली. पण तिच्या एकुलत्या मुलीचा साखरपुडा होता आणि जिवाला घोर होता. आईनं तिचं बोलणं ऐकलं होतं. ती हात धुवून पाटापुढे बसली. वर्षभरात तिनं कुंकवाला बोट लावलेलं मी पाहिलं नव्हतं. प्रत्येक प्लगवर उभं बोट तिनं नेमकं ओढलं, वरपासून लोखंडापर्यंत. दादानं प्लग बसवले, बॉनेटला झेंडूची माळ घातली आणि ट्रक देवळाला फेरी मारून आणला. रिकामी गाडी सपाटीला बरी चालली. जरा हिसके देतेय असं मला वाटलं, पण बोलले नाही.

साखरपुडा निरगुडसरला, नवऱ्या मुलाच्या दारात होता. सकाळी ट्रकात सतरंज्या अंथरून सगळे पाहुणे बसले. ओट्या, फळांच्या पाट्या, साखरेचे पुडे. पुढे दादाशेजारी नवरी आणि काकू. मागे आम्ही, त्यात आई फाळक्याला टेकून, सगळ्यांत शेवटी. तिनं पांढऱ्यातली निळी नक्षी असलेलं लुगडं नेसलं होतं.

नारायणगावपर्यंत गाडी कुरकुरत आली. पुढे चढ लागला तशी तिनं खरोखरच दम टाकला. इंजिन खोकल्यासारखं करायला लागलं, धुराड्यातून फाडकन आवाज झाला, बायका किंचाळल्या, आणि ट्रक थांबला. दादानं बाजूला बाभळीखाली कसाबसा उतरवून लावला. उतरवून म्हणजे मागे घरंगळत. मागच्या चाकांना धोंडे लावायला मामा उडी मारून धावले.

"ट्रकाला पण सासरी जायची लाज वाटती व्हय?" मामा म्हणाले. थोडे लोक हसले. काकू हसली नाही.

दादानं बॉनेट उघडलं. त्याला वडिलांची शिस्त होती. आधी पेट्रोल येतंय का पाहिलं, येत होतं. मग वायरींचा क्रम पाहिला, कारण नवे प्लग बसवताना टोप्यांची अदलाबदल झाली तर गाडी अशीच फाडफाड करते. पण वडिलांनी प्रत्येक वायरीवर पांढऱ्या रंगानं आकडा घातला होता आणि सगळे आकडे जागच्या जागी होते. मग करंटची उघडझाप करणारा पॉइंट घासला. गाडी चालू केली. उभ्या जागी ती धडधडत का होईना चालायची, अॅक्सिलेटर दाबला की खोकायची.

"मिसिंग मारतीय," दादा म्हणाला. "पण एका सिलिंडरात न्हाई. तीन-चारात."

त्यानं चालू इंजिनावर एकेका प्लगची टोपी फडक्यानं धरून काढून पाहिली. टोपी काढल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. आवाज तसाच राहिला तर तो आधीपासूनच मेलेला. एकदा फडकं सरकलं आणि दादाला कोपरापर्यंत करंट बसला. तो "आई गं!" म्हणून मागे कोलमडला.

"नवंकोरं पलग," तो हात झाडत म्हणाला. "जुन्यावर पळत व्हती गाडी. नव्यावर मेली."

तेवढ्यात काकू खाली उतरली होती. तिनं ते वाक्य ऐकलं. ती मोठ्यानं बोलली नाही, पण बाभळीखाली सगळ्यांना ऐकू गेलं. "मी म्हणलं व्हतं."

सगळ्यांना कळलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग कुणीच आईकडे पाहिलं नाही. मी कॉलेजात शिकणारी मुलगी, मला काहीतरी बोलता यायला हवं होतं. आई फाळक्यापाशी तशीच बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून.

दादा दात-ओठ खात इंजिनात वाकला. मग एकदम म्हणाला, "बारके, सतरंजी आण."

"कशाला?"

"अंधार करायचाय. दादा करायचे तसा."

आम्ही दोघंही वडिलांना दादाच म्हणायचो, मोठे दादा. करंट कुठे गळत असेल तर उजेडात दिसत नाही, हे वडिलांनी त्याला शिकवलं होतं. ते गोणपाट घेऊन इंजिनावर ओणवे व्हायचे. मी सतरंजी आणली, उघड्या बॉनेटवरून खाली सोडून तंबू केला आणि दादाबरोबर आत शिरले. मामांनी वर चढून गाडी चालू केली आणि अॅक्सिलेटर दाबून धरला.

"पंख्यापासनं लांब र्‍हा. पदर खोच."

बाहेर दुपार व्हायला आली होती, ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, आणि आत मिट्ट काळोख. पेट्रोलचा वास, तापलेल्या लोखंडाची धग. डोळे सरावायला वेळ लागला. मग मला दिसलं.

प्लगांच्या मानेवरून निळा उजेड सरपटत होता. केसाएवढा बारीक, वाकडातिकडा, चटचट आवाज करत वरच्या टोपीपासून खालच्या लोखंडापर्यंत धावत होता. एकाच प्लगवर नाही, चार प्लगांवर. आणि तो भलतीकडे कुठेही जात नव्हता. बरोबर आईच्या बोटावरून चालला होता. प्रत्येक वेळी त्या उजेडात तो लाल पट्टा क्षणभर दिसायचा आणि विझायचा.

मी दादाचा हात धरला. त्यानंही पाहिलं होतं. मला पदार्थविज्ञानातलं सगळं कळत होतं. ओलं कुंकू, वर दिव्याच्या तेलाचा हात, त्यात रात्रीचं दंव. करंटला ठिणगीपर्यंत जाण्यापेक्षा बाहेरून पळायची सोपी वाट मिळाली. चढाला सिलिंडरात दाब वाढतो, आत ठिणगी पडणं अवघड होतं, म्हणून चढालाच गाडी मेली. सगळं कळत होतं. तरी काकू म्हणाली तेच खरं निघालं होतं. गाडी आईच्या कुंकवानंच बंद पडली होती.

मामांना हाक मारून दादानं गाडी बंद करवली. सतरंजीच्या आतच तो माझ्या कानाशी म्हणाला, "बाहेर सांगायचं न्हाई. वायर ढिली व्हती म्हणायचं."

मी मान हलवली. त्यानं सतरंजीची कड उजेडापुरती उचलली आणि प्लग सोडवायला घेतले. गरम प्लग फडक्यात धरून तो एकेक बाहेर काढत होता. लाल पट्ट्याच्या मधोमध पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ जळली होती. त्यानं पेट्रोलचा बोळा घेतला आणि थांबला.

"तू पूस," तो म्हणाला.

"तूच पूस."

आईनं लावलेलं कुंकू आम्हांला पुसवेना. आमच्या घरात कुंकू पुसलेलं आम्ही दोघांनी आदल्या वर्षी पाहिलं होतं. शेवटी दादानं डोळे मिटल्यासारखं करून पहिला प्लग पुसला. तेवढ्यात सतरंजी बाजूला झाली. आई उभी होती.

"काय सापडलं?"

"वायर ढिली व्हती," दादा म्हणाला.

आईनं त्याच्या हातातल्या लाल बोळ्याकडे पाहिलं, मग प्लगांकडे. ती अडाणी होती, आंधळी नव्हती.

"म्हंजी माझंच," ती म्हणाली.

"आई, तसं न्हाई ते." मी घाईनं बोलायला लागले. करंट, ओल, गळती. "विजेला कुंकू कुणाचं हे काय कळतं?"

"कळतं," मागून काकू म्हणाली. "म्हणून तर गाडी हुबी ऱ्हायली. आक्का, मी तुमच्या वाईटावर न्हाई वो. पण पोरीचं शुभकार्य हाय माझ्या. आज रस्त्यात थांबली. उद्या तिच्या संसारात..."

"मी यष्टीनं जाते माघारी," आई म्हणाली. "तुमी गाडी नीट करून जावा पुढं." ती पिशवी घ्यायला वळली. आणि मला ज्याचा सगळ्यांत जास्त धक्का बसला ते म्हणजे मामा, तिचे सख्खे भाऊ, खाली उतरून म्हणाले, "चल. मी येतो सोडायला."

मामांनी सकाळपासून चार विनोद केले होते. मला वाटलं होतं ते आता काकूला सुनावतील. ते आईची पिशवी उचलायला लागले. आजूबाजूचं कुणीही 'नको' म्हणालं नाही. तेव्हा मला समजलं की आई आत्ता इथून माघारी गेली तर ती आजच्यापुरती जाणार नाही. उद्या माझ्या लग्नात, दादाच्या लग्नात, प्रत्येक पाटापुढून ती अशीच पिशवी घेऊन उठेल. आणि स्वतः उठेल, कुणाला सांगावंही लागणार नाही.

ती रस्त्याकडे चार पावलं गेली आणि थांबली. मागे वळून काकूकडे आली.

"तू लाव," ती म्हणाली.

"काय?"

"पलगाला. तुझ्या हातानं कुंकू लाव. मला बघायचंय." तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखर विचारत होती ती. "माझ्याच हातात काय असंल तर मी पुन्यांदा कशाला म्हणून हात लावायची न्हाई. पोरांची शप्पथ. पण मला कळू तर दे."

काकू गडबडली. ओटीच्या ताटातला कुंकवाचा करंडा तिच्याच मांडीवर सकाळपासून होता. नवरी खाली उतरली, तिनं सीटवर राहिलेला तो करंडा आणला आणि उघडून काकूसमोर धरला. "लाव की गं आई. एवढं काय त्यात?" ती म्हणाली. घाबरलेली होती, तरी म्हणाली.

दादानं सगळे प्लग पुसून स्वच्छ केले. पाच बसवले. सहावा काकूच्या पुढे धरला. काकूनं करंड्याच्या झाकणात तांब्यातलं पाणी टाकून कुंकू भिजवलं आणि प्लगच्या मानेवर बोटानं एक टिपकं लावलं. गोल, सुरेख. दादानं प्लग बसवला, टोपी चढवली आणि गाडी चालू केली.

गाडी लोण्यासारखी चालली. अॅक्सिलेटर दाबला, तिनं डरकाळी फोडली. एक खोकला नाही.

बाया पुटपुटल्या. कुणीतरी हात जोडले. काकू जिंकल्यासारखी दिसत नव्हती. तीही घाबरली होती, तिला बहुधा असं व्हायला नको होतं. पुस्तकात वाचलेलं सगळं त्या एका टिपक्यापुढे खोटं ठरलं होतं.

आई मात्र प्लगकडे बघत होती.

"मी असं न्हवतं लावलं," ती म्हणाली.

"आता काय ऱ्हायलं बघायचं?" मामा म्हणाले. "चल बाई."

"दम खा रं. मी हुबं बोट वढलं व्हतं. वरनं खालपत्तूर. हिनं टिकली लावली." ती काकूकडे वळली. "आपल्या घरची रीत काय हाय? हुबं बोट. तसं लाव."

काकूनं दादाकडे पाहिलं. दादानं मुकाट्यानं प्लग परत काढला, पुसला आणि तिच्या पुढे धरला. काकूनं बोट भिजवलं. या वेळी वरच्या टोकापासून लोखंडापर्यंत तिनं सावकाश पट्टा ओढला, अगदी आईसारखा. दोघी एकाच सासूच्या हाताखाली शिकलेल्या.

गाडी चालू झाली आणि लगेच लंगडायला लागली. धडधड, थांब, धडधड, थांब. अॅक्सिलेटर दाबताच धुराड्यातून असा बार उडाला की बाभळीवरचे साळुंक्यांचे थवे उठले.

"काकू, हिकडं या," मी म्हणाले. मला कुठून धीर आला माहीत नाही. मी तिचा पदर आवळून खोचला, मंगळसूत्र तिच्या मुठीत दिलं आणि तिला सतरंजीखाली नेलं. पाच प्लग शांत होते. सहाव्यावर तो निळा उजेड तिच्या बोटाच्या खुणेवरून खालीवर धावत होता.

"आगं बया!" काकू म्हणाली. मग पुन्हा, अगदी बारीक आवाजात, "आगं बया, माझं बी."

बाहेर आलो तेव्हा सगळे आमच्याकडे पाहत होते. काकूच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर ओघळलं होतं. मामांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मी आतून फुलून आले होते, पण तेवढ्यात काकूनंच विचारलं.

"मंग इतकी वर्सं? भावजी व्हते तवा बी आक्काच लावायच्या. हुबं बोटच लावायच्या. तवा गाडी कशी चालायची?"

ती मुद्दाम टोचत नव्हती. तिलाही आता खरंच कळायला हवं होतं. मी दादाकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. वडील असताना प्लग बसवायचे तेव्हा तो जवळ नसायचा. दसऱ्याला सगळी पोरं आपट्याची पानं तोडायला जायची. परत सगळ्यांच्या नजरा आईकडे वळायला लागल्या.

आई दादाच्या हातातल्या लाल बोळ्याकडे बघत होती. मग ती खाली बसली, रस्त्याच्या कडेला, धुळीतच.

"त्यांचं फडकं," ती म्हणाली.

"काय?"

"दसरा झाला की त्यांचं हत्याराचं फडकं लाल व्हायचं. दर वर्साला. मी धुताना भांडायची. म्हणायची, आवो, आइलाच्या फडक्याला कुकू कुठनं लागतं? तर म्हणायचे, कपाळाचं पुसलं." तिनं पदर तोंडाला लावला. "कपाळाचं न्हवतं ते. मी आत गेली की माझं लावल्यालं पुसून मंग बसवायचे. सगळं पुसायचे. आन् मला म्हणून बोलले न्हाईत कधी."

ती रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही. वडील जाऊन वर्ष उलटलं होतं. त्यांच्याबद्दल काही नवं कळायचं उरलं असेल असं तिला, आम्हांला कुणालाच वाटलं नव्हतं. आणि भर रस्त्यात, चढावर, सगळ्या सोयऱ्यांसमोर ते असे अचानक समोर येऊन उभे राहिले, हातात फडकं घेऊन, बायकोची पाठ वळायची वाट बघत. पूजा मोडायची नाही आणि गाडीही थांबू द्यायची नाही, एवढी सोय त्यांनी गुपचूप करून ठेवली होती. दादाला ती सांगायची राहून गेली. दादानं मात्र आईचं कुंकू पुसायचं नाही म्हणून जसंच्या तसं बसवलं. दोघांचंही मन एकच होतं.

काकू आईजवळ जाऊन बसली. माफी वगैरे काही मागितली नाही. म्हणाली, "चला आक्का. तिकडं वाट बघत असतील. जेवणं निवतील."

मामांनी घसा खाकरला. "मी काय म्हणतो, यष्टी तशी बी टायमावर येत न्हाय." कुणीही हसलं नाही, तेव्हा ते मुकाट्यानं धोंडे काढायला गेले.

दादानं सहावा प्लग पुसला. या वेळी डोळे न मिटता. ट्रक त्या चढावरून एका दमात वर गेला. आई मागेच बसली, फाळक्याला टेकून, पण काकूही पुढची जागा सोडून मागे आली आणि तिच्या शेजारी बसली. निरगुडसरला नवरीला कुंकू लावायला बायका उठल्या तेव्हा आई उठली नाही आणि काकूनंही तिला उठवलं नाही. एका दुपारीत इतकं बदलत नाही. मला तेव्हा त्याचा फार राग आला होता.

पुढच्या दसऱ्याला दादानं नवे प्लग आणले. आईनं पाट मांडला, प्लग ओळीनं ठेवले आणि त्यांच्याकडे बघत नुसतीच बसून राहिली. करंडा आणायला ती उठेना. मी आत जाणार तेवढ्यात काकू दारातून आली. तिच्या हातात कालवलेल्या कुंकवाची वाटी होती. ती तिनं आईच्या पुढ्यात ठेवली, स्वतःचं बोट लावलं नाही, आणि समोर फतकल मारून बसली.

"लावा," ती म्हणाली. "पण बानेटला वढा हुबं बोट. त्या पांढऱ्याला नको, भावजी न्हाईत आता पुसायला."